‘ओल्ड नंबर वन’ आणि अस्सलपणाचा बाजार

जुन्या मोटारींच्या व्यवहारांत ‘ओरिजिनल’ या एका शब्दानें जो धुमाकूळ घातला आहे, त्याविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. हा श्रीमंतांचा छंद, त्याच्याशीं आपला काय संबंध, असें पुष्कळ वाचकांस वाटेल. परंतु एखादी वस्तु ‘तीच’ आहे असें आपण केव्हां म्हणतों, आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मोटारीपुरता नाहीं. मोटारीच्या बाबतींत त्याचें उत्तर पौंडांत मोजतात, इतकाच काय तो फरक.

या पंथाचें मत थोडक्यांत असें : सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स आणि वरचें अंग हीं कारखान्यांतून निघालीं तींच असतील, आणि त्यांवर ठोकलेले आंकडे कारखान्याच्या वहीशीं जुळत असतील, तर गाडी खरी, जो भाग बदलला असेल तितक्या अंशानें ती खोटी. हें मत दिसावयास मोठें कडक व प्रामाणिक दिसतें. आमच्या मतें तें कडकही नाहीं आणि प्रामाणिक तर मुळींच नाहीं.

ज्या एका गाडीच्या निमित्तानें हा वाद इंग्लंडच्या न्यायासनापर्यंत गेला, तिची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’ जातीची, साडेसहा लिटर इंजिनाची ही गाडी १९२९ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत पहिली आली. वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांनीं ती आळीपाळीनें हांकली. पुढल्या वर्षीं बार्नाटोनें ग्लेन किड्स्टन यास जोडीस घेऊन त्याच गाडीनें तीच शर्यत पुन्हां जिंकली. बार्नाटो हा किंबर्लीच्या हिऱ्यांवर गबर झालेल्या बापाचा मुलगा. बेंटली कंपनी १९२६ पासून त्याच्याच पैशावर तग धरून होती. १९३१ सालीं ती बुडाली व रोल्स-रॉइसच्या घरांत गेली. गाडी मात्र धांवतच राहिली. तिचा सांगाडा बदलला, आणि त्याच सालीं जॅक डन्फी व सिरिल पॉल यांनीं ब्रुकलंड्सच्या वर्तुळावर तिजकडून पांचशें मैलांची शर्यत जिंकविली. १९३२ मध्यें तिच्यांत आठ लिटरचें इंजिन बसविलें. त्या वर्षींच्या शर्यतींत जॅकचा भाऊ क्लाइव्ह ती हांकीत असतां गाडी उतरत्या कांठावरून पलीकडे गेली आणि क्लाइव्ह जागच्या जागीं ठार झाला. मोडलेली गाडी बार्नाटोनें पुन्हां उभी केली व तिच्यावर रस्त्यानें फिरावयाचें बंद कूपेचें अंग चढविलें. हीच ती ‘ओल्ड नंबर वन’.

पुढें ती अनेक हातांतून फिरली, व १९९० च्या एप्रिलांत एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला. मग घेणाऱ्या कंपनीनें हात आखडला. तिचें म्हणणें, ही ती गाडीच नव्हे. प्रकरण न्यायमूर्ति ऑटन यांजपुढें गेलें. पुरावा झाला तेव्हां असें निष्पन्न झालें कीं, १९२९ च्या गाडीचें म्हणून निश्चित दाखवितां येईल असें जवळजवळ कांहींच उरलेलें नाहीं. १९३० च्या गाडीचें म्हणाल तर पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचें कवच आणि सुकाणूचा खांब. वरील पंथाच्या हिशेबानें खटला येथेंच संपावयास हवा होता. परंतु न्यायमूर्तींनीं निकाल विकणाऱ्याच्या बाजूनें दिला. गाडी ‘ओरिजिनल’ नाहीं हें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. पण ती अस्सल आहे, असेंही तितक्याच स्वच्छपणें सांगितलें. नवे भाग जसजसे येत गेले तसतसे ते तिच्यांत मुरत गेले, कोणत्याही एका क्षणीं तिची ओळख तुटली नाहीं, हें नांव सांगूं शकेल अशी दुसरी बेंटली जगांत नाहीं, आणि विकावयास काढलें होतें तें केवळ लोखंड नसून त्याबरोबर तिचा इतिहास व कीर्तिही होती, असा त्या निकालाचा आशय आहे.

या निकालावर जाणत्यांनीं नाकें मुरडलीं, आणि अजून मुरडतात. आम्हांस विचाराल तर इतका शहाणपणाचा निकाल क्वचितच वाचावयास मिळतो. शर्यतीची गाडी ही दिवाणखान्यांतील चिनी मातीची बरणी नव्हे. प्रत्येक शर्यतीनंतर ती उकलावयाची, झिजलेलें काढावयाचें, मोडलेलें बदलावयाचें, पुढील शर्यतीस जास्त जोराचें इंजिन हवें तर तें घालावयाचें, असाच तिचा धर्म. १९३२ सालीं तिचा सांगाडा बदललेला होता म्हणून ती निराळी गाडी, असें क्लाइव्ह डन्फीच्या घरच्यांना कोणीं सांगितलें असतें काय?

आपल्या वाचकांस येथें मिलिंद राजा व भिक्षु नागसेन यांचा संवाद आठवेल. रथांत बसून आलेल्या राजाला नागसेनानें विचारलें, धुरा म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे काय? सर्वांस ‘नाहीं’ म्हणतां म्हणतां राजाला कबूल करावें लागलें कीं, रथ हें या सर्वांच्या मेळास दिलेलें नांव आहे. नागसेनाचा मुद्दा आत्म्याविषयीं होता, आणि मिलिंदास तो रथ विकत घ्यावयाचा नव्हता, ही गोष्ट खरी. तरी सुट्या भागांत रथ शोधणाराला रथ सांपडत नाहीं, एवढें दोन हजार वर्षांपूर्वीं ज्यांस कळलें त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनीं तरी बोल्ट मोजीत बसूं नये.

इंग्लंडच्या सरकारनेंही पुष्कळ वर्षें बोल्टच मोजले. मोठे फेरफार झालेल्या गाडीस जुना नंबर ठेवूं द्यावयाचा कीं नाहीं, हें तेथें गुणपत्रिकेवरून ठरे. सांगाड्यास ५ गुण; स्प्रिंगांची रचना, ॲक्सल, गिअरबॉक्स व सुकाणू यांस प्रत्येकीं २; इंजिनास अवघा १. आठ मिळाले तर पास. इंजिनाचा एक आंकडा जुळत नाहीं म्हणून बाजार गाडीची किंमत पाडतो, आणि त्याच इंजिनास सरकार सुकाणूच्या निम्मा मान देई! अस्सलपणा खरोखर भागांत असता तर कोणत्या भागांत तो किती आहे, याबद्दल तरी त्याच्या पुजाऱ्यांत एकवाक्यता असती.

आतां उलट बाजूचें उदाहरण घेऊं. १९३० च्या मार्चांत बार्नाटोनें पैज मारली कीं, ‘ब्लू ट्रेन’ ही आगगाडी कॅलेस पोहोंचण्यापूर्वीं आपण कान येथून मोटारीनें निघून लंडनला आपल्या क्लबांत असूं. चार मिनिटांच्या फरकानें त्यानें ती जिंकली. पुढें कित्येक दशकें ही करामत त्याच्या एका ठेंगण्या, देखण्या, गर्नी नटिंगनें अंग चढविलेल्या स्पीड सिक्स कूपेच्या नांवावर जमा होती. टेरेन्स क्युनिओ या नामांकित चित्रकारानें आगगाडीशीं स्पर्धा करणारी तीच कूपे रंगविली. परंतु कागदपत्रें पाहिलीं तेव्हां दिसलें कीं, कूपे बार्नाटोच्या हातीं पडली मे महिन्यांत! पैज त्यानें मारली होती मुलिनरनें बांधलेल्या एका साध्या सलूनमधून. कूपेच्या धातूविषयीं वाद नाहीं; ती बार्नाटोचीच, त्याच काळची. तरी ज्या गोष्टीसाठीं लोक तिच्यापुढें उभे राहिले, ती गोष्ट तिच्या आयुष्यांत घडलेलीच नव्हती. एका गाडीचें लोखंड बदललें पण चरित्र खरें. दुसरीचें लोखंड खरें पण चरित्र उसनें. यांतील खोटें कोणास म्हणावयाचें, तें आंकडे जुळविणाऱ्या मंडळींनीं सांगावें.

आणि हीच मंडळी ज्यास ‘पुनरुद्धार’ म्हणतात त्यांत काय चालतें? बेंटलीचीं कित्येक सलून व लिमोझिन अंगें, ज्यांत कुटुंबें बसून हिंडलीं, तीं उतरवून फेंकलीं गेलीं आणि त्याच सांगाड्यांवर ल मांच्या घाटाचीं उघडीं अंगें बसविण्यांत आलीं. कारण गिऱ्हाईक तशा गाडीस भाळतें. जिनें शर्यतीचें तोंडही पाहिलें नाहीं तिला शर्यतीच्या योद्ध्याचा पोषाख! सांगाडा व इंजिन जुळत असल्यामुळें अशा गाडीस आंकड्यांच्या कसोटीवर बहुतेक गुण मिळतात, हें येथें लक्षांत घ्यावें.

खुद्द कारखान्यांनीं तर याच्याही पुढें पाऊल टाकलें. जग्वार कंपनीनें १९६३ सालीं हलक्या ‘ई-टाइप’साठीं अठरा सांगाड्यांचे क्रमांक राखून ठेविले होते, गाड्या झाल्या बाराच. उरलेले सहा क्रमांक काढून २०१४ सालीं कंपनीनें सहा गाड्या बांधावयास घेतल्या. १९५७ च्या फेब्रुवारींत तिच्या ब्राउन्स लेन येथील कारखान्यास आग लागून नऊ ‘एक्सकेएसएस’ गाड्या जळाल्या होत्या. २०१६ मध्यें त्या नऊ पुन्हां बांधण्याचें जाहीर झालें. बेंटलीनें २०२२ मध्यें बारा नव्या स्पीड सिक्स बांधण्याचें जाहीर केलें. कंपन्यांनीं कांहीं लपविलें नाहीं, हें आम्ही मान्य करतों, आणि काम उत्तम आहे याविषयींही शंका नाहीं. परंतु भाग, घाट, क्रमांक आणि कारखान्याचें नांव हेंच अस्सलपण असेल, तर या गाड्या ‘ओल्ड नंबर वन’पेक्षां कितीतरी अस्सल ठरतील. तसें म्हणावयास कोणीच धजत नाहीं. आगींत गेलेल्या गाड्यांचा वारसा साठ वर्षांनीं जन्मलेल्यांस देतां येत नाहीं, हें मनांतून सर्वांस पटलेलें असतें. तोंडानें मात्र क्रमांकाचा जप चालू राहतो.

कोणी म्हणेल, मग तुमच्या न्यायानें कोणीही टाकाऊ दांडा व फुटकें कवच मिळवून त्याभोंवतीं गाडी रचील आणि तिला नामांकित म्हणूं लागेल. एकाच गाडीचा सांगाडा एकाकडे व इंजिन दुसऱ्याकडे जाऊन दोघांनींही एकच नांव सांगावें, असा प्रसंगही अशक्य नाहीं. आक्षेप जड आहे. पण ‘ओल्ड नंबर वन’ जिंकली ती तिच्यांतील तीन जुन्या वस्तूंमुळें नव्हे. १९२९ पासून न्यायालयाच्या दारापर्यंत तिच्या चालण्याची सांखळी दाखवितां आली. प्रत्येक बदल उभ्या, चालत्या गाडींत झाला. कारखान्याच्या मागें फेंकलेल्या भागांबरोबर नांव जात नाहीं; तें चालत राहिलेल्या गाडीबरोबर जातें. ही कसोटी आंकड्यांच्या कसोटीहून सोपी नाहीं, उलट कठीण आहे. आंकडा एका रात्रींत नवा ठोकतां येतो. साठ वर्षांचा सलग पुरावा रचणें तितकें सोपें नाहीं.

हें सर्व आपल्या दारींही येऊन ठेपलें आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें मोटार-वाहन नियमांत बदल करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर व नव्या नोंदणीस २०,००० रुपये फी ठरविली. हेतु चांगला आहे. अट मात्र अशी कीं, गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी आणि तिच्यांत मोठी फेरदुरुस्ती झालेली नसावी. आयातीवरील निर्बंधांच्या दशकांत ज्या गाड्या मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत जगल्या, त्या कशा जगल्या हें नियम करणारांस ठाऊक नाहीं काय? विलायतेहून भाग येत नव्हते. मिस्त्रीनें ते लेथवर कातले, दुसऱ्या गाडीचे घासून बसविले, पत्रा ठोकून मडगार्ड घडविलें. त्या हातांमुळें गाडी आज चालते आहे. या अटीपुढें तिच्या मालकास दोनच वाटा उरतात : खरें सांगून नोंदणीस मुकावें, किंवा मिस्त्रीचें काम लपवून ‘सर्व मूळचेंच’ अशी सही करावी. ‘ओल्ड नंबर वन’ येथें असती तर तिलाही दुसरी वाट धरावी लागली असती.

आमची मागणी लहान आहे. अर्जाच्या नमुन्यांत एक पान वाढवावें : कोणता भाग बदलला, कोणत्या सालीं, कोणत्या गॅरेजांत, कोणाच्या हातून आणि कां. बिलें असतील तीं जोडावीं. आणि अशी नोंद करणाऱ्याचा अर्ज त्या नोंदीच्या कारणावरून नाकारला जाणार नाहीं, असें नियमांत एका ओळीनें लिहावें.