रात्री खुराड्याला कान द्या

परसात चार-सहा कोंबड्या राखणाऱ्या सगळ्यांना, आणि ज्या घरात अंड्यांचे पैसे बाईच्या गाठीला राहतात तिथल्या बाईला तर आवर्जून, एक विनंती आहे. आज रात्री जेवणं आटोपली की खुराड्यापाशी जाऊन पाच मिनिटं गप्प उभ्या राहा. बॅटरी लावू नका, दार उघडू नका. फक्त ऐका.

हे सांगण्याचं कारण असं, की कोंबडी दिवसा आपलं दुखणं दाखवत नाही. अंगात बळ नाही हे दिसलं की घार, मांजर, मुंगूस तर टपलेलेच असतात, पण खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्याही तिला टोचून हैराण करतात. म्हणून ती शेवटपर्यंत चारचौघींत उकरत, टिपत राहते. पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली कोंबडी आपल्या नजरेला पडते तोवर रोग पुष्कळ पुढे गेलेला असतो. रात्री मात्र सोंग नसतं. गडबडही नसते, त्यामुळे श्वासाचा आवाज लपत नाही. निरोगी कोंबडी झोपलेली असताना तिचा श्वास ऐकूच येत नाही. मधूनच एखादी झोपेत कुरकुरते, अंग सावरते, शेजारणीला ढकलते, तेवढंच. श्वासागणिक घरघर, बारीक शिट्टी, खरखर किंवा ओला बुडबुड्यांसारखा आवाज येत असेल तर त्या कोंबडीला काहीतरी झालं आहे. सकाळी ती कितीही टुणटुणीत दिसली तरी हे विसरू नका.

आवाज आला म्हणजे लगेच घाबरायचं असंही नाही. कितीतरी आवाज अगदी साधे असतात आणि त्यांच्या भीतीपोटी चांगल्या कोंबड्या सुरीखाली जातात. उचलून कानाशी धरलीत तर कोंबडीच्या पोटात दगडावर दगड घासल्यासारखी करकर ऐकू येते. तिला दात नाहीत. गिळलेले खडे जाड स्नायूंच्या पिशवीत साठवून त्यांवर ती दाणे भरडते, आणि ही करकर त्या भरडण्याची. खुडूक बसलेली कोंबडी हात पुढे केला की अंग फुलवून गुरगुरते. कोरडा भरडा खाताना किंवा राखेत लोळताना एखाददुसरी शिंक येते, ती धुळीची. वयात येणाऱ्या कोंबड्याचं आरवणं आधी फाटकं, घोगरं असतं. उन्हाळ्यात भर दुपारी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून कोंबड्या धापा टाकतात, कारण त्यांना घाम येत नाही आणि मुळातच त्यांच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं. सावली, गार पाणी आणि वारा मिळाला की ती धाप थांबली पाहिजे. पहाटेच्या गारव्यातही चोच उघडीच असेल तर ते ऊन नव्हे.

आणखी एका आवाजाबद्दल बोललंच पाहिजे. कोंबडी आरवली की काही घरांत अपशकुन मानतात आणि त्याच दिवशी तिला कापतात. कोंबडीचं डावीकडचं एकच अंडाशय काम करतं. ते रोगाने किंवा वयाने निकामी झालं की तिच्या रक्तात नराची लक्षणं आणणारी द्रव्यं वाढतात, तुरा वाढतो, ती आरवू लागते. कळपात कोंबडा नसला तर कधी कधी एखादी दांडगी कोंबडी आरवते. घरावर संकट येणार असं यात काही नाही. तिने अंडी द्यायचं थांबवलं असेल तर तो हिशेबाचा प्रश्न आहे, तो हिशेबानेच सोडवा.

आता चिंतेचे आवाज. ते ओळखायचे तर कोंबडीचा श्वास कसा चालतो ते थोडं माहीत हवं. आपल्या छातीखाली जो स्नायूंचा पडदा असतो तो तिला नसतो. तिची फुप्फुसं लहान आणि पाठीच्या हाडांना चिकटलेली असतात. त्यांना जोडून अंगभर पसरलेल्या 9 पातळ हवेच्या पिशव्या असतात, आणि लोहाराच्या भात्यासारख्या त्याच हवा आत-बाहेर करतात. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हा भाता चालतो. म्हणून कोंबडीला छातीवर आवळून धरू नका, पोरांनाही धरू देऊ नका. नुसत्या कवळण्याने ती गुदमरून मरते. या पिशव्या हाडांच्या पोकळीपर्यंत गेलेल्या असल्यामुळे श्वासातून शिरलेला रोग झपाट्याने अंगभर होतो. नाक वाहणं आपल्याला क्षुल्लक वाटतं, कोंबडीच्या बाबतीत ते तसं नसतं.

नाकातून पाणी, डोळ्यात फेस, एका किंवा दोन्ही बाजूंनी सुजलेला चेहरा आणि जवळ जाताच येणारी घाण, हे सगळं शिंकांबरोबर असेल तर बहुधा संसर्गजन्य सर्दी, म्हणजे कोरायझा. फारशी सूज नाही, पण आठवडेच्या आठवडे रात्री खरखर चालू आहे, थंडी-पावसात वाढते, अंडी घटली आहेत, तर मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचा जुनाट श्वसनरोग असू शकतो. औषधाने या दोन्हींत आराम पडतो, पण बरी झालेली कोंबडीही रोग बाळगून राहते आणि इतरांना देते. मायकोप्लाझ्मा तर अंड्यातून पिल्लातही उतरतो. म्हणून अशा कोंबडीची अंडी शेजारणीला उबवायला देऊ नका, पिल्लं लेकीच्या सासरी धाडू नका.

पावसाळ्यात पिल्लं मान लांब करून, चोच पूर्ण उघडून हवेसाठी तडफडू लागली, मान झटकू लागली, तर श्वासनळीत लाल जंत असू शकतात. गांडुळं, गोगलगायी खाऊन ते पोटात जातात. जंताचं औषध वेळेत मिळालं तर पिल्लं वाचतात. तुऱ्यावर, पापण्यांवर देवीचे फोड दिसले आणि पाठोपाठ घरघर सुरू झाली, तर चोच उघडून आत पाहा. पिवळट, दह्याच्या साकळीसारखे पापुद्रे घशात असतील तर देवी आत उतरली आहे. ते ओरबाडून काढू नका, रक्त येतं आणि कोंबडी गुदमरते. देवी डास पसरवतात, तेव्हा खुराड्याजवळचं साठलेलं पाणी आधी हटवा.

गळ्याखाली धान्य साठवायची पिशवी असते. संध्याकाळी ती भरलेली आणि सकाळी उठल्यावर रिकामी असली पाहिजे. सकाळी दार उघडताना प्रत्येकीच्या गळ्याखाली बोटं फिरवायची सवय लावून घ्या, क्षणाचं काम आहे. सकाळीही पिशवी टणक लागली तर लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिक अडकलं असेल. मऊ, पाण्याने भरलेली लागली, हलवताच गुडगुडली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर आतलं अन्न कुजलं आहे.

अशी कोंबडी पाय धरून उलटी लटकवू नका. आपल्याकडे बाजारात, एसटीत, सायकलच्या हँडलला कोंबडी उलटीच दिसते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण पिशवीतलं आंबलेलं पाणी उलटून श्वासनळीत गेलं की कोंबडी तिथल्या तिथे मरते. निरोगी कोंबडीलाही उलटं धरलं की आतड्यांचा भार हवेच्या पिशव्यांवर येतो. दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून, पायांखाली आधार देऊन उचला. औषध पाजतानाही हीच काळजी घ्या. श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, त्यामुळे चोच फाकवून चमचाभर तेल किंवा काढा ओतला की तो फुप्फुसात जातो. चोचीच्या कडेला थेंब-थेंब सोडा, तिला गिळू द्या.

घरच्या हळद-लसणाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो मेडिकलमधून आणलेली माणसांची अँटिबायोटिकची गोळी कुटून पाण्यात घालण्याला. विषाणूच्या रोगावर ती काहीच करत नाही. जिवाणूच्या रोगावर अर्धवट मात्रा गेली की जिवाणू निबर होतात, आणि औषधाचा अंश अंड्यात उतरून आपल्याच लेकरांच्या ताटात येतो. कोलिस्टिन नावाचं शेवटच्या फळीतलं औषध खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला आपल्या देशात 2019 साली बंदी आली ती या भीतीपोटीच. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारूनच दवाखान्यातून निघा.

मानमोडीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण गावच्या गावं रिकामी करणारा रोग तोच. उत्तराखंडातल्या राणीखेतवरून त्याला राणीखेतही म्हणतात. आधी एकदोघी शिंकतात, चोच उघडून घरघर श्वास घेतात, हिरवट पातळ हगतात. मग पंख पडतात, पाय ओढला जातो, मान पिळल्यासारखी वाकडी होते. लस न टोचलेल्या कळपातल्या जवळजवळ सगळ्या कोंबड्या आठवड्याभरात जाऊ शकतात. यावर औषध नाही. आणि नेमकं इथेच आपलं वागणं रोगाला हात देतं. पहिली कोंबडी पेंगू लागली की उरलेल्या मरायच्या आत विकून टाकाव्यात म्हणून डालग्यात भरून आठवडी बाजारात नेतात. त्या दिवशी बाजारातून चांगली म्हणून घेतलेली कोंबडी दुसऱ्या गावात जाते, आणि तिथल्या बाईचं अख्खं खुराडं बसतं. पोटाला चिमटा बसतो तेव्हा माणूस असं का करतो, हे मला कळतं. तरीही हात जोडून सांगते, घरघरणारी कोंबडी बाजारात नेऊ नका, पाहुण्यांसाठी घाईघाईने कापूही नका. ती सोलताना, तिची पिसं-आतडी उकिरड्यावर टाकताना रोग सगळ्या आळीत जातो, आणि तो मानमोडीहून वाईटही असू शकतो.

तो वाईट रोग म्हणजे बर्ड फ्लू. देशातल्या कोंबड्यांत त्याची पहिली नोंद 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला झाली आणि लाखो पक्षी मारावे लागले. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, तोही बर्ड फ्लूच निघाला. नुसता आवाज ऐकून मानमोडी की बर्ड फ्लू हे कुणी सांगू शकत नाही, डॉक्टरही नाही. नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. कळवलं तर सगळ्याच कोंबड्या मारतील, या धास्तीने पुष्कळजण गप्प बसतात. बर्ड फ्लू ठरला तर आसपासच्या कोंबड्या मारतात, हे खरं आहे. पण त्याची भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मरून पुरलेल्यांची नाही. उशीर केला तर कोंबड्याही जातात आणि पैसेही. नीट शिजवलेल्या अंड्या-मटणाला भ्यायचं कारण नाही, 70 अंशांच्या वर हा विषाणू टिकत नाही. जपायचं ते आजारी आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातांनी हाताळण्यापासून.

तर घरघर ऐकलीत की ती कोंबडी त्याच रात्री वेगळ्या डालग्याखाली, बाकीच्यांपासून लांब, उबेला ठेवा. तिचं पाणी वेगळं. दाणापाणी आधी चांगल्या कोंबड्यांना, मग तिला, आणि नंतर साबणाने हात. खुराड्यात डोकं घालून पाहा. विष्ठेच्या वाफेने तुमचे डोळे चुरचुरत असतील तर कोंबडीच्या श्वासाचं काय होत असेल! खालचा भुसा त्याच दिवशी बदला, चुलीच्या धुराच्या वाटेवर खुराडं असेल तर हलवा. धूर आणि वाफ हटली आणि दोन दिवसांत आवाज गेला तर ठीक. त्याआधी दुसरीला लागण झाली, एखादी मेली किंवा खाणं सुटलं, तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. एका कोंबडीसाठी डॉक्टरला काय बोलवायचं, ही लाज सोडा. गाईला ताप आला की धावत जाणारं घर कोंबडी मेली की हळहळतसुद्धा नाही, कारण ती बाईची असते आणि तिच्या पैशाचा हिशेब कुणी धरत नाही. फोनवर किती होत्या, किती आजारी, किती मेल्या, पहिला आवाज कधी ऐकला आणि कोणत्या लसी दिल्या आहेत, एवढं सांगा. मेलेली असेल तर हाताला पिशवी बांधून उचला आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात फेकू नका, कुत्र्याला घालू नका.

मानमोडीला लस आहे, स्वस्त आहे, पुण्याला औंधच्या शासकीय संस्थेतही बनते. पिल्लू आठवड्याचं होताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, महिन्याच्या सुमाराला तोच पुन्हा, आणि दोन महिन्यांच्या आसपास आर-टू-बी लस टोचायची. अडचण एकच असते. लसीच्या कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, आणि कुपी एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कुणी फोडत नाही. म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या मोजून आकडा दवाखान्यात द्या, उन्हाळा लागायच्या आत, जानेवारी-फेब्रुवारीतला एक दिवस ठरवून घ्या. आठवडाभर आधी जंताचं औषध पाजा. लस बर्फात आणा, आणि कोंबड्या बाहेर सुटायच्या आत पहाटे खुराड्यातच धरून टोचून घ्या. त्या दिवशी जिला अंगात कणकण आहे, जी घरघरते आहे, तिला मात्र टोचू नका. ती कोणती हे आदल्या रात्री ऐकून ठेवा.