वजनकाट्यावर आईलाही उभं करा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, नांदेड आणि जिल्हा परिषद, लातूर यांस,



बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई ठरल्या दिवशी घरी येतात, बाळाचं वजन करतात. पुढे अंगणवाडीत ते वाढीच्या तक्त्यावर चढतं. रेघ जरा खाली आली की घरात पहिला सवाल बाळंतिणीला: "दूध पुरंना का गं?" सासू म्हणते दूध पातळ आहे, शेजारीण म्हणते लेकरू उपाशी राहतंय, आणि बघता बघता बाटली घरात येते. त्या बाईचं स्वतःचं वजन किती उतरलं, हे सहसा कोणी विचारत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

अर्धपोटी आईचं दूध निकस असतं, ही समजूत आधी पुसायला हवी. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी १९५०च्या दशकात दक्षिण भारतातल्या गरीब स्तनदा बायकांचा अभ्यास केला. अगदी तुटपुंजं खाणाऱ्या त्या बायका महिनोन्महिने मुलांना अंगावर पाजत होत्या आणि त्यांच्या दुधातली प्रथिनं फारशी घटलेली नव्हती. मग दुधातलं हे पोषण येतं कुठून? आईच्या अंगातून. जेवणात कॅल्शियम नसेल तर तिच्या हाडांतून निघतं, दुधात मात्र टिकून राहतं. बाळाच्या वजनावरून आई नीट जेवते असं मानणं म्हणूनच चुकीचं आहे. तिची झीज त्या तक्त्यावर उमटतच नाही.

काही गोष्टी मात्र आईच्या ताटात नसल्या तर दुधातही उतरत नाहीत. अ जीवनसत्त्व, बी-१, बी-१२, आयोडीन ही त्यातली. दूध, दही, अंडी, मांस यांतलं काहीच वाट्याला न येणाऱ्या आईच्या अंगावर पिणारं बाळ कधी कधी वरून गुटगुटीत दिसतं, पण फिकट पडतं, हसायचं, मान धरायचं विसरतं, हातपाय थरथरू लागतात. बालरोगतज्ज्ञांना हा आजार ठाऊक आहे आणि त्यामागे अनेकदा बी-१२ची उणीव सापडते. अशा वेळी अंगावरचं दूध तोडणं हा उपाय नव्हे. बाळावर वेळेत उपचार करायचे आणि आईचं ताट भरायचं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात. आपल्याकडच्या जेवणात सांगायचं तर ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे, तेही नेहमीच्या जेवणावर. एवढंही का मिळू नये? ज्या लातूरच्या डाळ मिलांतून देशभर तूरडाळ जाते, तिथे बाळंतिणीला सांगतात की वरण वातूळ, लेकराचं पोट दुखेल. अर्धापूरच्या केळीच्या बागांशेजारच्या घरात तिला केळं वर्ज्य, कारण बाळाला सर्दी होते म्हणे. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, शेपू, मेथी ही आपली बाळंतिणीची रीत मोलाची आहे आणि ती जपलीच पाहिजे. पण ती ऐपत असलेल्या घरात, आणि तिथेही बहुधा सव्वा महिना. बाळ त्यानंतरही पीतच असतं, तेव्हा ती शेतात निंदायला गेलेली असते.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रसूतीनंतर सहा महिने अंगणवाडीमार्फत मोफत आहार हा तिचा हक्क ठरवला. कायद्याच्या व्याख्येत घरपोच शिधाही बसतो, म्हणून बहुतेक ठिकाणी तोच मिळतो. तो घरी नेला की सगळ्यांच्या पातेल्यात पडतो. चार तोंडं समोर असताना कोणती आई आपला वाटा वेगळा शिजवेल? नांदेड जिल्ह्याच्याच किनवट-माहूरच्या आदिवासी गावांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं चौरस, गरम जेवण मिळतं. ते ताट तिच्या एकटीचं असतं, म्हणून मला ते शिध्यापेक्षा कितीतरी खरं वाटतं. मुखेड, कंधार, जळकोटच्या बायकांची भूक काही वेगळी नाही, फक्त त्यांचा तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही.

आपल्याकडे मागणं आहे ते असं. आशाताईंच्या भेटीत बाळासोबत आईचंही वजन करून लिहून ठेवा आणि काल ती काय जेवली ते विचारायला सांगा. शिध्याच्या जागी गरम जेवण देण्याचा प्रस्ताव दोन्ही जिल्हा परिषदांनी मिळून शासनाकडे पाठवा. मंजुरी येईपर्यंत जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून निदान मुखेड, कंधार, जळकोट या तीन तालुक्यांत सुरुवात करा, ताटात अंडं किंवा दूध-दही असू द्या. आणि ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, त्यांतल्या ओल्या बाळंतिणींची यादी त्याआधी कारखान्यांच्या गावच्या अंगणवाड्यांकडे पोहोचवा, म्हणजे फडावर गेल्यावर त्यांचं नाव दोन्हीकडून गळणार नाही. यंदाच्या टोळ्या निघण्याआधी हे व्हावं.

आपली,
मराठवाड्यातली एक नागरिक