समुद्राकडे चला, पण पाहुणे म्हणून!

कोकणकिनारा हा महाराष्ट्राला लाभलेला मोठा ठेवा आहे, असे सभासंमेलनांतून आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. परंतु ठेवा घरातलाच असला म्हणजे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. सुट्टीचे दिवस जवळ आले की शहाड, कल्याण, डोंबिवली, ठाणे येथील मध्यमवर्गीय कुटुंबांत प्रवासाचे बेत शिजू लागतात. चर्चा होते ती गोव्याची, केरळची, आणि ऐपत असेल तर थायलंडची! डहाणूपासून रेडीपर्यंतचा जो किनारा सातशेवीस किलोमीटर लांबीचा म्हणून आपण शाळेत घोकला, त्यावरची गावे मात्र पुष्कळांना केवळ नावाने ठाऊक असतात. आमच्या वाचकांनी या गावांना जावे, अवश्य जावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. परंतु तेथे कसे जावे हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण या गावांचे भवितव्य येत्या काही वर्षांत त्यावरच ठरणार आहे.

शहाडच्या माणसाला समुद्राच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, आपण समुद्राला परके नाही. बोरघाटाच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर करीत शहाडवरून जाते, कल्याणला खाडीचे रूप घेते आणि वसईच्या खाडीतून सागरास मिळते. कल्याण हे एके काळी नामांकित बंदर होते. पहिल्या शतकातील ग्रीक ‘पेरिप्लस’ ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानांची नोंद आहे. १६५७ साली शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठ्यांच्या आरमाराचा श्रीगणेशा याच खाडीच्या काठी झाला. तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांशी आपले नाते आजचे नव्हे, फार जुने आहे.

दूर जाण्याचीही गरज नाही. दिव्याहून वसईची गाडी धरली की, चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेल्या किल्ल्यात पोर्तुगीज नगरीचे भग्न अवशेष पाहावयास मिळतात. तसेच उत्तरेस गेले की पानमळ्यांचे केळवे-माहीम लागते, आणि पुढे डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या लागतात. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ साली घोषित झाला होता. त्याच तालुक्यात वाढवण येथील अवाढव्य बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्या बंदराच्या बऱ्यावाईटाचा खल हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. परंतु तेथील किनारा आहे तसा ज्याला पाहावयाचा असेल, त्याने फार विलंब करू नये एवढे खरे.

दक्षिणेकडे वळावे तर अलिबाग सर्वांच्या परिचयाचे. पण ओहोटीच्या वेळी पायी कुलाबा किल्ल्यात जाऊन आलेल्या किती जणांनी तेथील चुंबकीय वेधशाळेची कथा ऐकली आहे? मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्यावर उपकरणांची अचूकता राहणार नाही, म्हणून हे काम कुलाब्याहून उचलून १९०४ साली अलिबागला आणण्यात आले. पुढे चौल-रेवदंडा आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी तेथे उतरला होता. खाडीपलीकडच्या कोर्लई गावात पोर्तुगीजमिश्रित बोली अजून घराघरांत बोलली जाते. मुरूडच्या समुद्रात अजिंक्य जंजिरा उभा आहे, आणि त्याला शह म्हणून शिवछत्रपतींनी बांधलेला पद्मदुर्गही आहे. श्रीवर्धन हे पहिल्या भट पेशव्यांचे, बाळाजी विश्वनाथांचे गाव. तेथील रोठा सुपारीची ख्याती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात शिरल्यावर तर कोणते गाव घ्यावे आणि कोणते गाळावे, असा प्रश्न पडतो. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या साक्षीने किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. गुहागरला एकच लांबलचक रस्ता, दोहो बाजूंना घरे, आणि घरांमागे नारळी-पोफळींच्या वाड्या ओलांडल्या की एकदम समुद्र! मालगुंड हे केशवसुतांचे जन्मग्राम. खुद्द रत्नागिरीत लोकमान्यांचा जन्म झाला, आणि तेथेच ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा तीस वर्षे बंदिवासात राहून १९१६ साली निवर्तला. त्याहून खाली मालवण आहे. तेथील सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकातील डच वखारीचे अवशेष आहेत. शिरोड्याला १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकरांनी तेथील शाळेत आपल्या उमेदीची अठरा वर्षे वेचली.

ही गावे रमणीय आहेत ती केवळ त्यांना वाळू आणि लाटा लाभल्या म्हणून नव्हे. वाळू आणि लाटा जगात पुष्कळ ठिकाणी आहेत. येथे समुद्राकाठी माणसे आपापला उद्योग करीत नांदत आहेत, हे या गावांचे खरे सौंदर्य आहे. वाडीला पाटाने पाणी सोडणारा बागाईतदार, जाळे विणीत बसलेला कोळी, लिलावात हिरिरीने बोली लावणारी कोळीण, देवळासमोरचा तळीचा घाट आणि दुपारी निवांत होणारी बाजारपेठ, या सर्वांचे मिळून ते गाव झालेले असते. पाहुण्यासाठी मांडलेला तो देखावा नव्हे. पाहुणा आला नाही तरी त्यांचे जीवन चालतच असते. म्हणूनच तो आला असता त्याला तेथे आनंद वाटतो.

हे जीवन इतके दिवस टिकले, त्याचे एक कारण गैरसोय हे होते. सह्याद्री एका बाजूला आणि दर दहा-पंधरा कोसांवर आडवी येणारी खाडी दुसऱ्या बाजूला, अशा कोंडीत ही गावे राहिली. आगबोटींचा जमाना संपला. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली खरी, पण ती किनाऱ्यापासून दूर, आतून धावते. गुहागरच्या उतारूला चिपळूणला उतरावे लागते, दापोलीच्या उतारूला खेडला आणि मालवणच्या उतारूला कुडाळला. कित्येक खाड्या आजही गाड्या वाहून नेणाऱ्या जंगलजेट्टीने ओलांडाव्या लागतात. शहरी प्रवाशाला त्यात मौज वाटते, पण आजारी माणसाला घेऊन रात्री खाडीकाठी अडकलेल्या कुटुंबाला ती मौज वाटत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या आठवणीने अनेक घरांत आजही डोळे ओले होतात. गैरसोयीपायीच येथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत चाकरमानी म्हणून आला. तेव्हा कोकण सुंदर राहावे म्हणून ते मागास ठेवावे, असे म्हणण्याचा अधिकार शहरात सुखाने राहणाऱ्या कोणालाही नाही.

रस्ता हवा, पूल हवेत. त्याविषयी वाद नाही. रेवस ते रेड्डी हा सुमारे पाचशे किलोमीटरचा सागरी मार्ग बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळापासून बोलला जात आहे. आता त्यावरील मोठ्या खाडीपुलांची कामे शासनाने हाती घेतली आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे सागरातील व सागरकाठचे किल्ले आहेत. मोटारींचा ओघ वाढणार हे सांगावयास ज्योतिषी नको. आमचा सवाल एवढाच आहे की, पूल पुरे होतील त्या दिवशी ही गावे त्या ओघाला तोंड देण्यास सिद्ध असतील काय?

आज तरी तशी चिन्हे दिसत नाहीत. सुट्टीच्या दिवसांत मोटारी थेट वाळूवर उतरवल्या जातात, भरतीत रुततात आणि मग बैलांनी वा ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात! हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर आणि इतर किनाऱ्यांवर, स्थानिकांचा इशारा न जुमानता समुद्रात शिरून जीव गमावल्याच्या वार्ता दरसाल छापण्याचे दुर्दैव आमच्या वाट्यास येते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीची मर्यादा दोनशे मीटरवरून पन्नास मीटरवर आणली आहे. म्हणजे समुद्र आणि वाडी यांच्यामधली मोकळी पट्टी उद्या मोहाची वस्तू होणार. वाडी एकदा गेली की परत येत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नव्या रोपांना फळ धरावयास वर्षेच्या वर्षे लागतात. अशा वेळी कर्जाने पिचलेल्या बागाईतदारापुढे जमिनीचा दलाल पैशाची थैली घेऊन उभा राहिला, तर त्याने किती काळ नकार द्यावा?

यावर मार्ग नाही असे नाही. नाना फडणविसांचे मूळ गाव असलेल्या वेळासने तो दाखवून दिला आहे. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने तेथे समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. पुढे पिले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहण्यास लोक येऊ लागले. मोठे हॉटेल उभे राहिले नाही, तर गावकऱ्यांनी आपल्याच घरांत पाहुण्यांची सोय केली. पैसा घरातल्या गृहिणीच्या हाती पडला, आणि ज्या कासवाची अंडी चोरीला जात, त्याचा राखणदार गावच झाला. येथे पर्यटनाने गाव खाल्ले नाही. उलट त्याला जगवले.

शासनाकडे आमच्या मागण्या म्हणूनच साध्या आहेत. ज्या गावी पूल जाईल, त्या गावी पुलाच्या आधी पिण्याचे पाणी, मैलापाण्याची आणि कचऱ्याची व्यवस्था पोहोचली पाहिजे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर वेतनी जीवरक्षकांची व्यवस्था आहे. ती येथे वर्दळीच्या प्रत्येक किनाऱ्यावर बारमाही असावी. वाळूवर मोटार नेणाऱ्यास जबर दंड व्हावा. आणि घरगुती निवासाला बड्या हॉटेलांच्या आधी कर्ज, परवाने व मार्गदर्शन मिळावे.

आमच्या वाचकांकडेही मागणे आहे. एका दिवसात पाच किनारे ‘करण्याचा’ अट्टहास सोडावा. एका गावी तीन दिवस राहावे, तेथल्या घरी जेवावे, तेथलीच कोकमे आणि सुपारी विकत घ्यावी. भरती-ओहोटीची वेळ कोळ्याला विचारावी आणि तो नको म्हणाला तर पाण्यात पाऊल टाकू नये. आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा. हे कठीण नाही; दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण इतके तरी पाळतोच.

हे आम्ही अधिक कळकळीने म्हणतो, याचे कारण आपल्या दारातच आहे. ज्या उल्हासचे पाणी शहाड-टेमघर योजनेतून लक्षावधी लोक पितात, तीच नदी मोहन्याजवळ जलपर्णीने झाकून जाते, आणि जिच्या मुखाने कल्याण जगाशी बोलत होते, त्या खाडीत आज सांडपाणी वाहते. हे कोणा शत्रूने केले नाही. कारखाने हवे होते, वस्ती हवी होती; ती आली, आणि सांडपाण्याचे पुढे पाहू असे प्रत्येकाने म्हटले. ते पुढे कधी आलेच नाही. आपल्या हातून एक बंदर असे गेले आहे. गुहागर, श्रीवर्धन आणि वेंगुर्ले यांच्या बाबतीत ‘पुढे पाहू’ हे शब्द महाराष्ट्राने उच्चारू नयेत, हे सांगण्याचा अधिकार कल्याणकरांइतका दुसऱ्या कोणाला आहे?