घर सावरणाऱ्यांना कोण घडवणार?

आपल्या समाजाचे सर्वांत मोठे संचित कोणते, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर येते – आपली कुटुंबव्यवस्था. हा अभिमान अनाठायी नाही. परंतु ज्या संस्थेचा आपण एवढा अभिमान बाळगतो, तिला आजार जडला तर उपचार करणारी माणसे घडवण्याची कोणती व्यवस्था आपण उभी केली आहे? या प्रश्नापाशी मात्र आपण गप्प होतो.

पूर्वी ही जबाबदारी घरातील कर्ता, मामा, आत्या किंवा वाड्यातील एखादे वडीलधारे पार पाडीत. त्यांचा निवाडा नेहमी न्याय्य असे, असे मुळीच नाही. सुनेच्या पदरात बहुधा ‘सांभाळून घे’ एवढाच उपदेश पडे. तरीही मन मोकळे करण्यास एक जागा होती. आज वाडे गेले, सदनिका आल्या. मुलगा परदेशात, आईवडील गावी आणि सून नोकरीवर. पतिपत्नीतील तेढ आता चार भिंतींत कुजत राहते आणि बाहेर येते तेव्हा थेट वकिलाच्या टेबलावर. मध्ये एखादा ‘समुपदेशक’ भेटतो. पण त्याचे शिक्षण किती, अनुभव किती, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही.

ज्या अमेरिकेकडे आपण मोडलेल्या संसारांचा देश म्हणून बोट दाखवतो, तिने या बाबतीत काय केले, हे पाहण्याजोगे आहे. विवाह समुपदेशकांची तेथील राष्ट्रीय संघटना १९४२ साली स्थापन झाली. कॅलिफोर्निया राज्याने १९६३ मध्ये या व्यवसायासाठी परवान्याचा कायदा केला आणि आज तेथील सर्व ५० राज्यांत ‘विवाह व कुटुंब चिकित्सक’ हा परवानाधारक व्यवसाय आहे.

हा परवाना सहजासहजी मिळत नाही. कॅलिफोर्नियात त्यासाठी साठ श्रेयांकांची पदव्युत्तर पदवी लागते. त्यानंतरही तीन हजार तासांचा, किमान १०४ आठवड्यांचा देखरेखीखालील अनुभव पूर्ण करावा लागतो. त्यांतील किमान ५०० तास दांपत्ये, कुटुंबे व मुले यांच्यासमवेत केलेल्या कामाचे असावे लागतात. शिवाय कायदा व नीतिनियमांची एक आणि प्रत्यक्ष चिकित्सेची एक, अशा दोन परीक्षा. एवढे सारे झाल्यावरच त्या व्यक्तीला स्वतंत्रपणे काम करता येते.

या शिक्षणाची पद्धतही विचार करायला लावणारी आहे. विद्यार्थी कुटुंबाशी बोलत असतो, त्या वेळी त्याचे शिक्षक एकेरी काचेपलीकडे बसून ते संभाषण पाहतात आणि गरज पडल्यास मध्येच सूचना देतात; अर्थात कुटुंबाच्या पूर्वसंमतीनेच. साल्वादोर मिनुचिन यांनी फिलाडेल्फियात या पद्धतीने अनेकांना घडवले. गरीब वस्त्यांतील, पदवी नसलेल्या माणसांनाही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कसून प्रशिक्षण देऊन कुटुंबांसोबत कामाला लावले. विद्यार्थ्याला प्रत्येक कुटुंबाचा तीन पिढ्यांचा आलेख काढायला शिकवतात – कोणाचे कोणाशी पटते, कोणाशी अबोला आहे, कोणते दुःख आजोबांपासून नातवापर्यंत उतरले आहे. एका व्यक्तीचा त्रास हा संपूर्ण घराच्या नातेसंबंधांत पाहावा, हे या शास्त्राचे मूळ सूत्र. व्यक्तिवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशातील विद्यार्थी तीन पिढ्या मांडून बसतो आणि एकत्र कुटुंबाचा वारसा सांगणारे आपण ‘थोडे समजुतीने घ्या’ यापलीकडे जात नाही!

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबूंत राहायला जागा दिली आणि त्यांना उपचारांत सहभागी करून घेतले. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये कुटुंबचिकित्सेचे काम दीर्घकाळ चालू आहे. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ मध्ये झाला; त्यानुसार तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि समुपदेशक नेमण्याची तरतूदही आहे. परंतु पदवीनंतर हजारो तासांच्या देखरेखीची अट घालणारा, केवळ विवाह व कुटुंब चिकित्सेसाठीचा परवाना आपल्या देशात नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१ च्या कायद्याने आणखी काही मानसिक आरोग्य व्यवसायांना चौकट दिली. कुटुंबचिकित्सकाला मात्र त्यांत स्वतंत्र स्थान मिळाले नाही.

‘लोकांची भांडणे सोडवायला पदवी कशाला? अनुभव पुरेसा आहे,’ असे अनेकांना वाटेल. त्याचे उत्तर एका उदाहरणात आहे. पतीकडून मारहाण सोसणारी स्त्री समुपदेशकाकडे येते. सद्भावनेने भरलेला पण अप्रशिक्षित माणूस दोघांना समोरासमोर बसवतो, तिला सारे सांगायला लावतो, दोघांकडून वचन घेतो आणि ‘संसार वाचला’ या समाधानात त्यांना घरी पाठवतो. त्या रात्री घरी काय घडू शकते, याची त्याला कल्पना नसते. प्रशिक्षित चिकित्सक आधी दोघांशी स्वतंत्रपणे बोलतो, धोक्याचा अंदाज घेतो आणि आवश्यक तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण तिला कसे मिळेल, हे पाहतो. विवाह टिकवणे हे मोलाचे खरेच. परंतु त्या विवाहातील माणूस आधी टिकला पाहिजे. हा विवेक केवळ सद्भावनेतून येत नाही; तो शिकावा लागतो.

अर्थात, अमेरिकेची पाठ्यपुस्तके जशीच्या तशी उचलून भागणार नाही. सासू-सुनेचे नाते, विवाहानंतरही आईवडिलांशी असलेले मुलाचे कर्तव्य, एका खोलीत नांदणारे तीन पिढ्यांचे घर, यांचा विचार आपल्यालाच करावा लागेल. घ्यायची आहे ती शिस्त: देखरेखीखालील तास, गोपनीयतेचे बंधन, दोन्ही पक्षांबद्दल समभाव आणि स्वतःचे पूर्वग्रह तपासण्याची सवय. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, त्याला जोडून कुटुंब न्यायालये व रुग्णालयांत प्रत्यक्ष काम आणि मराठीतून सकस पाठ्यसाहित्य, एवढ्यापासून आरंभ करावा. शासनाने स्वतंत्र नोंदणीचा विचार करावा.

आणि आपण काय करावे? समुपदेशकाकडे जाताना त्याचे शिक्षण निःसंकोच विचारावे. घरातील हुशार मुलीने वा मुलाने हे क्षेत्र निवडायचे म्हटले, तर ‘यात काय भवितव्य?’ असे म्हणून त्याला परावृत्त करू नये. हाड मोडले तर आपण अस्थितज्ज्ञाची पदवी पाहतो. घर मोडताना तेवढीही काळजी घेत नसू, तर कुटुंबाच्या अभिमानाची आपली भाषा पोकळ ठरेल.