धुण्यालाही मर्यादा असते

अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला, की शस्त्रक्रियेअखेर उदरपोकळी भरपूर सलाईनने धुवावयाची, हा शल्यविशारदांचा जुना शिरस्ता. घाण जितकी पातळ होईल तितके बरे, हा तर्क इतका सरळ की त्याची उलटतपासणी करावी असे दीर्घकाळ फारसे कोणास वाटले नाही. परंतु जे अस्तर धुतले जाते त्याचे काय होते, हा प्रश्न उरतोच.

या अस्तरास पर्युदर म्हणतात. त्याचा पृष्ठभाग पेशींच्या एकाच थराचा असतो. आतडी सहज सरकावीत म्हणून या पेशी वंगण पुरवितात आणि जखमेवर साचणारे फायब्रीन विरघळविण्याची क्रियाही चालू ठेवतात. त्या नष्ट झाल्या, की फायब्रीन तसेच राहते व आतडी एकमेकांस चिकटू लागतात. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाच्या वा ओटीपोटाच्या खुल्या शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३० हजार रुग्णांच्या पुढील दहा वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक रुग्णांना अशा चिकटण्याशी निश्चित वा संभाव्य संबंध असलेल्या विकारांसाठी पुन्हा रुग्णालयात यावे लागले होते.

पोव्हिडोन-आयोडीन, क्लोरहेक्झिडीन यांसारखी जंतुनाशके प्रयोगशाळेत या पेशींना घातक ठरली आहेत. निरुपद्रवी मानलेले सलाईनही सर्वस्वी निर्दोष नाही. ते काहीसे आम्लधर्मी असते आणि त्यातील क्लोराइड रक्तातल्यापेक्षा सुमारे दीडपट असते. रिंगर लॅक्टेट त्या मानाने शरीरद्रवाच्या अधिक जवळचे आहे.

हा धडा नवा नाही. पेनिसिलीनच्या शोधापूर्वीच, पहिल्या महायुद्धात, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी दाखवून दिले होते की, सैनिकांच्या जखमांत ओतलेली जंतुनाशके खोल दडलेल्या जंतूंपर्यंत पोचत नाहीत. मात्र जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचा बळी घेतात. २०१२ साली अमेरिकेत अपेंडिक्स फुटलेल्या २२० मुलांवरील चाचणीत, पोट धुतले काय किंवा नुसता पू शोषून काढला काय, पुढे होणाऱ्या गळवांचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले.

म्हणून धुणे सरसकट वर्ज्य करावे, असे कोणी म्हणणार नाही. प्रयोगशाळेतील पेशी म्हणजे जिवंत रुग्ण नव्हे, आणि विष्ठेने भरलेल्या पोटापुढे शल्यविशारदाचा विवेकच अखेरचा. परंतु कोणता द्रव वापरला, किती वापरला आणि का, याची नोंद शस्त्रक्रियेच्या टिपणात असावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. जंतू मारणे हे साधन आहे. रुग्ण दहा वर्षांनंतरही सुखाने जेवू शकणे, हे साध्य आहे. साधनाच्या भरात साध्याचा विसर पडता कामा नये.