सोलापुरात लष्कर यावं, तर

सोलापूरकरांनो, लष्कर आणि सदर बझार ही नावं आपल्या रोजच्या तोंडातली. इंग्रजांची छावणी होती म्हणून ही नावं पडली. छावणी गेली, नावं राहिली. नगरसारखं एखादं लष्करी केंद्र आपल्याकडे आणा, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. मलाही ते मनापासून वाटतं. दुष्काळी तालुक्यांतली पोरं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावताना मी रोज बघतो.

पण लष्कर निवेदनांवर येत नाही. आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून तोफखान्याची शाळा देवळालीला आली. 1948 मध्ये रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरला आलं. दोन्हीकडे जुन्या छावण्या होत्या आणि सरावाला मोकळा माळ होता. लष्कर हे आधी बघतं. आणि आलेला तळ टिकवावाही लागतो. अमेरिकेत 1988 ते 2005 या काळात पाच फेऱ्यांत शेकडो तळ बंद झाले किंवा लहान केले गेले. तळ टिकवायचा म्हणून तिथली राज्यं आता आजूबाजूच्या बांधकामांना आवर घालतात, प्रसंगी तळाभोवतीची शेतजमीन शेतीच राहावी म्हणून पैसेही मोजतात.

बांधकाम आडवं आलं की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 15 जून 2023 ला विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा मी होटगी रोडला एका गच्चीवर उभा होतो. काही सेकंदांत ती आडवी झाली आणि धुळीचा लोट उठला. शेजारी उभे असलेले कारखान्याचे एक सभासद काका डोळे पुसत होते. दोष कुणाचा, त्यात मी शिरत नाही. विमानाच्या वाटेत उंच काही उभं राहिलं की शेवटी एकाला तरी रडावं लागतं, एवढंच मी त्या दिवशी शिकलो. विमानतळाचं उद्घाटन त्यानंतर, सप्टेंबर 2024 मध्ये झालं.

दुसरं पाणी. उशाला उजनी धरण असून आपल्या नळाला रोज पाणी येत नाही. जवानांची हजारभर कुटुंबं इथं राहायला आली, तर त्यांना काय पाजणार? महापालिकेच्या दारात आधी हा प्रश्न घेऊन जाऊ या.

आणि काय मागायचं, तेही नीट ठरवू या. तोफांच्या सरावाचं मैदान मागू नका. नगरच्या के. के. रेंजच्या विस्ताराची नुसती चर्चा निघाली तरी राहुरी-पारनेरच्या शेतकऱ्यांची झोप उडते. त्यांतल्या कित्येकांची जमीन आधीच मुळा धरणात गेलेली आहे. आपल्याकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. बोरामणीत विमानतळासाठी शेकडो हेक्टर जमीन घेतली, ती वर्षानुवर्षं तशीच पडून आहे. पुन्हा कुणाचं रान घेण्याआधी त्या जमिनीचा हिशोब मागा. सोलापूर गणवेश शिवणारं गाव आहे. पुणे-हैदराबाद रस्ता दारात, रेल्वे दारात. कपड्यांचं भांडार, प्रादेशिक सेनेची एखादी तुकडी, भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र, यांना रान थोडं लागतं आणि पोरांना काम मिळतं.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. विमानतळाच्या बाजूला प्लॉट किंवा फ्लॅट घेताना बिल्डरकडे विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा ना-हरकत दाखला मागा. तो दाखवला नाही, तर इसार देऊ नका.