जंत मोजायचे तर नीट मोजा

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ही मोहीम मोलाची आहे. पण गोळी कुठे वर्षातून एकदा द्यायची, कुठे दोनदा आणि कुठे थांबवायची, हे शौचाच्या तपासणीवरून ठरायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार किमान २० टक्के मुलांत जंत आढळले तर वर्षातून एकदा आणि ५० टक्क्यांहून अधिक मुलांत आढळले तर दोनदा सरसकट औषध द्यावे. तपासणीच कच्ची असेल, तर त्यावर बेतलेला निर्णयही कच्चाच राहणार.

अशा सर्वेक्षणांत प्रामुख्याने काटो-काट्झ पद्धत वापरतात. गाळलेली ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा काचपट्टीवर घ्यायची, ग्लिसरिनमध्ये भिजवलेल्या सेलोफेनने दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची. त्या आकड्याला २४ ने गुणले की एका ग्रॅममधली अंडी कळतात. पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत आहे; पण ज्या ग्लिसरिनमुळे नमुना पारदर्शक होतो, त्यानेच अंकुशकृमीची नाजूक अंडी तासाभरात दिसेनाशी होतात. सकाळी पाड्यावर केलेली काचपट्टी दुपारी तालुक्याला तपासली, तर आतड्यातून रक्त शोषून पंडुरोग वाढवणारा हाच जंत नोंदीतून निसटतो. शिवाय शौचात अंडी रोज सारखी पडत नाहीत. लागण सौम्य असेल तर एका नमुन्यात ती सापडतीलच असे नाही, आणि मोहीम यशस्वी होईल तशी सौम्य लागणच मागे उरते.

गोळी स्वस्त आणि सुरक्षित आहे, मग तपासणीवर खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्येक मुलाची तपासणी करा, असे कोणी म्हणत नाही. निवडक गावांतला नमुना पुरतो. मात्र अल्बेंडाझोलची एक मात्रा गोलकृमीवर उत्तम आणि चाबूककृमीवर फारच तोकडी पडते. औषध कुठे कमी पडते, हे विश्वासार्ह मोजणीशिवाय कळणार नाही. जंतांच्या डीएनएवरून सौम्य लागणही हेरणारी पीसीआर चाचणी महाग आहे, हेही खरे. म्हणून ती लागण कमी झालेल्या, गोळी थांबवण्याचा विचार असलेल्या जिल्ह्यांपुरती ठेवावी. इतरत्र दोन दिवसांचे नमुने, तासाभरात वाचन आणि दहापैकी एका काचपट्टीची दुसऱ्या तंत्रज्ञाकडून फेरतपासणी, एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ साधेल. आरोग्य खात्याने किती गोळ्या वाटल्या याबरोबरच किती जंत उरले आणि ते कसे मोजले, हेही जिल्हावार जाहीर करावे.